नापासांचाही सत्कार करा

दहावी-बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांच्या आत आमच्या वस्तीत सत्कार होतो. विहाराच्या हॉलात खुर्च्या लागतात, बाहेर बॅनर चढतो, पाहुणे येतात. गुणवंतांना वह्या, कंपास, एखाद्याला दप्तर. पोरं लाजत स्टेजवर जातात, आया पदरानं डोळे पुसतात. त्याबद्दल माझं काही भांडण नाही. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिवू दिलं नाही त्या घरातल्या पोरीनं नव्वद टक्के काढले तर ढोल वाजलाच पाहिजे, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला पाहिजे.

भांडण आहे ते भाषणाशी. पाहुणा उठतो, घसा साफ करतो, गुणवंतांचं कौतुक करतो आणि जाता जाता नापासांसाठी चार वाक्यं फेकतो. हॉलात नापास कुणी नसतोच. त्याला बोलावलेलंच नसतं. तरी फेकतो. अपयश ही यशाची पहिली पायरी आहे. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. एडिसन किती वेळा फसला, तरी दिवा लावलाच ना! खचू नका, ठेच लागल्याशिवाय माणसाला आपली खरी आवड कळत नाही. टाळ्या. चहा, समोसा, फोटो. पाहुणे गाडीत.

दोस्तांनो, ही पायरीची गोष्ट एकदा नीट तपासू या. पायरी कुठं असते? जिन्याला. आणि जिना कुठं असतो? ज्या इमारतीला वरचा मजला आहे तिथं. आमच्या पोराच्या पायरीवर मजला कुठला बांधलाय तुम्ही? मी गोदीत हमाली करतो, ठेक्यावर. कडधान्याचं जहाज लागलं की पोती भरायची, दाभणानं शिवायची, थप्पी लावायची, ट्रकवर चढवायची. आमच्या टोळीत एकोणीस जण आहेत. त्यातले अकरा जण कुठं ना कुठं नापास झालेले – कुणी नववीला, कुणी दहावीला, कुणी बारावीला. त्यांची पायरी सरळ गोदीच्या गेटाशी येऊन उतरली. वर जाणारी पायरी त्यांना कुणी दाखवलीच नाही.

नापासांच्याही जाती आहेत, हे आधी मान्य करा.

टॉवरमधला पोरगा नापास झाला तर घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी समुपदेशक, चौथ्या दिवशी नवा क्लास. वर्षभर त्याला मोकळं सोडा म्हणून काका सांगतो, बाप कॅमेरा घेऊन देतो. चार वर्षांनी तो पोरगा पेपरात मुलाखत देतो : नापास झालो म्हणून मला फोटोग्राफी सापडली! तो खोटं बोलत नाही. सापडली असेल. पण ती त्याला नापास होण्यानं दिली नाही. मधल्या त्या मोकळ्या, पोट भरलेल्या वर्षानं दिली.

आमच्या पोराचा निकाल दुपारी एक वाजता मोबाइलवर लागतो. रात्री मामा घरी येतो. "माझ्या ओळखीचा एक ठेकेदार आहे." आठवड्याच्या आत पोरगा कुरिअरची पाकिटं वाटत असतो, केटरिंगची भांडी घासत असतो, नाहीतर आमच्या टोळीत विसावा येऊन उभा राहतो. आणि पोरगी असेल तर? तिला ठेकेदारसुद्धा नाही. तिला स्थळ. मार्चमध्ये पेपर, मग निकाल आणि दिवाळीनंतर लग्न. तिची खरी आवड काय होती हे विचारायला कुणाला सवड नाही. आवड सापडायला आधी थोडा वेळ सापडावा लागतो, आणि आमच्या पोरांकडं नेमका तोच नसतो.

सरकारनंही यावर एक उपाय काढला. २०१८ च्या सुमारास दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'नापास' हा शब्द पुसला आणि त्याजागी 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आणला. शब्द गोड आहे. पोराच्या कपाळावरचा डाग गेला, चांगलं झालं. पण या शेऱ्याचा दुसरा अर्थ बघा. जो पास झाला त्याला ज्ञान, जो नापास झाला त्याला कौशल्य. डोकं एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला. ही वाटणी कुठंतरी आधी बघितल्यासारखी वाटते ना? आणि साला, कौशल्याला डोकं लागत नाही असं कुणी सांगितलं? बावीस पोती उंच थप्पी तोल न जाता लावून दाखवा, मग बोलू.

मग काय, पडण्यातून काहीच निघत नाही? निघतं. मी नाही म्हणणार नाही, कारण मी स्वतःच त्यातून निघालोय. म्हणून तर त्याचा हिशेब पुरा मांडायचा आहे.

मी मॅट्रिक झालो ते मराठी माध्यमातून. सायन्सची ओढ होती, दहावीला शास्त्रात अठ्ठ्याहत्तर होते. अकरावीला सायन्स घेतलं, आणि पहिल्या आठवड्यातच माझी भाषा काढून घेतली गेली. शाळेत जे प्रकाशाचं अपवर्तन होतं त्याचं इथं रिफ्रॅक्शन झालं. संवेगाचा मोमेंटम झाला. मूलद्रव्य एलिमेंट झालं. मला येत होतं, पण येतंय हे सांगायला तोंड नव्हतं. मग मी एक वही केली. डावीकडं इंग्रजी शब्द, शेजारी पुस्तकातला मराठी शब्द. पण अपवर्तन तरी आमच्या घरचं कुठं? म्हणून तिसरा रकाना आखला : आमच्या गल्लीत याला काय म्हणतील? अपवर्तन – बादलीत बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते ते. जडत्व – भरलेली हातगाडी आधी हलता हलत नाही आणि एकदा हलली की थांबता थांबत नाही ते. घनता – दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं.

वर्षाच्या शेवटी नापास. अठ्ठ्याहत्तरवाला पोरगा बाविसावर का आला, हे त्या कॉलेजात एकाही माणसानं विचारलं नाही. त्याच वर्षी बापाची पाठ गेली. तोही गोदीतलाच. एका बाजूला पुन्हा भरायची फी, दुसऱ्या बाजूला रोजची हजेरी. तराजूचं कुठलं पारडं खाली गेलं ते सांगायला नको.

पण वही सुटली नाही. पहिले दोन रकाने सुकून गेले आणि तिसरा वाढत गेला. शास्त्राचे शब्द संपले, मग त्यात गोदीचे शब्द आले, आईचे आले, मुकादमाच्या शिव्या आल्या. जेवणाच्या सुट्टीत थप्पीला टेकून मी तो रकाना भरत बसायचो. असं वर्ष-दीड वर्ष गेलं आणि एक दिवस कळलं की आपण जे करतोय त्याला लोक कविता म्हणतात.

बघा, पाहुण्यांच्या भाषणात घालायला किती सोयीची गोष्ट आहे! सायन्सला नापास झाला, कवी झाला. ठेच लागली, आवड सापडली. पण मधलं एक पान तुम्ही फाडून टाकताय, साहेब.

आमच्या विहाराच्या माडीवर एक लोखंडी कपाट आहे. दोनशे-अडीचशे पुस्तकं असतील. गोदीतून रिटायर झालेले एक टॅली क्लार्क काका रोज संध्याकाळी सात ते दहा ते कपाट उघडून बसतात. पगार नाही, मानधन नाही, बोर्डावर नाव नाही. वही कुणाला दाखवावी हे मला कळत नव्हतं, म्हणून एका रात्री त्यांच्यापुढं टाकली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. बरी की वाईट काही बोलले नाहीत. उठून बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' काढलं आणि म्हणाले, "हे वाच. आणि परत आण. हरवलंस तर बघ." नंतर दुसरं. मग तिसरं. ज्या दिवशी मी वाचून पुस्तक परत नेलं नाही, त्या दिवशी काका गल्लीत शोधत आले.

ते कपाट त्या रात्री बंद असतं तर? वही रद्दीवाल्याकडं गेली असती, किलोच्या भावानं. मी नापासच राहिलो असतो आणि माझी 'खरी आवड' कुणाला, मलासुद्धा, कळली नसती. नापास होण्यानं मला फक्त खाली ढकललं. खाली कपाट होतं म्हणून मी उभा आहे. आमच्या टोळीतल्या बाकीच्या दहा जणांच्या खाली नुसती फरशी होती.

आपल्या थोर माणसांच्या गोष्टीही अशाच मधलं पान फाडून सांगतात. म्हणून आपण तरी त्या पुऱ्या वाचल्या पाहिजेत.

जोतिबांना लहानपणी शाळेतून काढलं होतं. पोरगा शिकून बिघडेल असं गोविंदरावांच्या मनात भरवलं गेलं आणि जोतिबा मळ्यात गेले. तिथंच गोष्ट संपायची. पण शेजारी गफ्फार बेग मुन्शी होते, लिजिटसाहेब होते. या पोराची हुशारी वाया जातेय हे त्यांना दिसलं. ते उठून गोविंदरावांकडं गेले, बोलले, पटवलं. १८४१ साली जोतिबा पुन्हा शाळेत बसले. आणि १८४८ साली त्याच माणसानं पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. ज्याला शाळेतून ओढून काढलं त्यानं आयुष्यभर शाळेचाच ध्यास घेतला, हे खरंच. पण काढणं आणि ध्यास यांच्या मधे दोन शेजारी उभे आहेत. ते शेजारी गाळून गोष्ट सांगू नका.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत मिळणार नाही म्हणून फारशी घ्यावी लागली. पुढं त्यांनी संस्कृत स्वतःच्या बळावर मिळवलं आणि जी दारं तोंडावर बंद केली होती ती उघडून आत काय आहे ते जगाला दाखवलं. १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' आलं. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं, आणि त्यांचं सामान, पुस्तकं ज्या बोटीवर होती ती बोट महायुद्धात टॉर्पेडोनं बुडाली. मी गोदीत काम करतो. जहाजातून पेट्या उतरताना बघतो तेव्हा त्या न उतरलेल्या पेट्या मला पुष्कळदा आठवतात.

१९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. कशाच्या जोरावर? प्राध्यापकीच्या पगारातून पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या पारशी मित्रानं दिलेलं कर्ज होतं. १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्याच्याही आधी, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं होतं आणि पुढं बडोद्याच्या महाराजांपर्यंत त्यांना पोचवलं होतं. बाबासाहेबांची जिद्द पहाडाएवढी होती. तरी त्यांनासुद्धा हात लागले. मग आपल्या गल्लीतल्या सोळा वर्षांच्या पोराला आपण कुठल्या तोंडानं सांगतो की तुझ्या जिद्दीवर तू एकटाच उठ?

आणि बाबासाहेबांनी स्वतः काय केलं? पायरीवर प्रवचन दिलं नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, ते सकाळचं. नोकरी करणाऱ्या गरीब पोरांना आधी शिकता यावं आणि मग कामावर जाता यावं म्हणून. याला म्हणतात जिना बांधणं.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईचीच. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. वाटेगावहून मुंबईला आलेला हा पोरगा पडेल ते काम करत गिरणीपर्यंत पोचला आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहू लागला. १९४४ साली अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५९ साली 'फकिरा' आली, १९६१ साली तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. आणि याच लेबर कॅम्पात नाशिककडून आलेला आणखी एक पोरगा वाढला : बाबूराव बागुल. एकाच कष्टकरी वस्तीतून मराठीला दोन लेखक. काय, नळाच्या पाण्यात काही होतं? वस्तीत काहीतरी चालू होतं. संध्याकाळी सभा होत्या, चळवळी होत्या, डफ होता, कुणीतरी कुणालातरी वर्तमानपत्र वाचून दाखवत होतं. शाळेनं ज्याला बाहेर टाकलं त्याला झेलायला वस्ती जागी होती.

आता एक धोका सांगतो, कारण तो आपल्याच लोकांत शिरलाय. कार्यक्रमाला गेलो की चांगल्या घरची माणसं जवळ येऊन म्हणतात, "तुम्ही एवढं सोसलंत म्हणून एवढं जळजळीत लिहिता." आणि आपलीही पोरं खूश होऊन मान डोलावतात. म्हणजे काय, ज्या लाथेनं आम्हाला खाली पाडलं तिला हार घालायचा? सोसण्यानं कविता होत असती तर गोदीच्या एकेका शेडमधून दर पाळीला एक महाकवी बाहेर पडला असता. एका अण्णा भाऊंच्या मागं किती अण्णा भाऊ पोती वाहून वाहून मेले, त्यांची यादी कुठल्या संमेलनात वाचली जाते? लाथेचे आभार मानू नका. ज्यानं उचललं त्याचं नाव लक्षात ठेवा, आणि उद्या स्वतः वाका दुसऱ्याला उचलायला.

'आवड' हा शब्दही मला जरा मऊ वाटतो. आपल्या घरात यासाठी खरा शब्द आहे : नाद. आणि तो आपण शिवीसारखा वापरतो. पोराला नाद लागलाय. कसला? दिवसभर ढोलकी बडवतो. मोबाइल खोलतो आणि पुन्हा जोडतो. पोरगी वहीच्या मागच्या पानावर माणसांचे चेहरे काढत बसते. "ह्या नादापायीच नापास झाली." अरे, उलटं बघा की एकदा! कदाचित त्या नादातच ती पास होती आणि तुमच्या परीक्षेला तो विषयच नव्हता. नापास होण्याचा एकच काय तो फायदा असतो : पोरगं कशात नापास नाही ते उघडं पडतं. पण ते बघायला शेजारी कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसलेलं पाहिजे. नाहीतर नाद तसाच मरतो, किंवा वाईट रस्त्याला लागतो, आणि मग आपणच म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं?

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आधी आपल्याकडं आहे. सरकारशी भांडण चालूच राहील. रात्रशाळांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, मराठी माध्यमाच्या पोराला सायन्समध्ये तोंड मिळावं म्हणून भांडलंच पाहिजे. पण वस्ती आपली आहे. तिथं कुणाच्या जीआरची वाट बघायची?

निकाल लागला की गुणवंतांच्या यादीबरोबर दुसरी यादी करा. त्याच संध्याकाळी त्या घरांत जा. दर निकालानंतर पेपराच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी असते, ती आपल्या गल्लीतून जाता कामा नये. त्या रात्री पोराशेजारी कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे. भाषण नको. नुसतं बसा, जेवा त्याच्याबरोबर. दोन दिवसांनी सांगा : पुरवणी परीक्षा आहे, सतरा नंबरचा फॉर्म आहे, रात्रशाळा आहे. फॉर्म नुसता सांगू नका, आणून द्या आणि भरून घ्या. ज्यांचा सत्कार झाला त्या पोरापोरींनी आठवड्यातून दोन रात्री या पोरांना शिकवावं. तोच त्यांच्या दप्तराचा मोबदला. पोरीच्या घरी वस्तीतल्या बाया जाऊ द्यात आणि तिच्या आईबापाला म्हणू द्यात : एक वर्ष द्या तिला, फक्त एक वर्ष. गफ्फार बेग मुन्शी असेच उठून गेले होते.

आणि प्रत्येक वस्तीत एक खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. एक दिवा, एक कपाट, एक माणूस. कपाटात पुस्तकं असोत, ढोलकी असो, रंगाची पेटी असो, हत्यारं असोत. येणाऱ्या पोराला एवढंच विचारायचं : शाळेत काय येत नव्हतं ते राहू दे, तुला काय येतं? खर्च किती? तुमच्या त्या वीस फुटी बॅनरवर नेत्यांचे चेहरे किती, तेवढे मोजा. अर्धे चेहरे कमी केले की कपाट येतं.

पुढच्या निकालाला पाहुणा पायरीचं भाषण करायला उभा राहिला तर त्याला मधेच थांबवा. आदरानं, पण थांबवा. म्हणा, साहेब, पायरी कळली. जिना कुठाय ते दाखवा. नाही दाखवता येत? मग खाली बसा आणि विटा वाहायला या. पोती उचलणारे आम्ही आहोतच, विटाही उचलू.